परमुलखातील सोबत

लोंढ्याच्या माणसाला परदेश पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नसे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाला. तोपर्यंतच्या काळात आमच्या जंक्शनातून पश्चिमेकडे सुटलेली मीटरगेजची गाडी अवघ्या पंचवीसेक किलोमीटरांवरच्या कॅसलरॉक स्थानकात थबके आणि तेथे अलीकडच्या सरकारचे जकातखाते उतारूंची बोचकी सोडून पाही. मग दूधसागराच्या अंगाने, बोगद्यामागून बोगदे ओलांडीत, ती घाट उतरून कुळे येथे पोहोचली, की पलीकडच्या सरकारचे शिपाई तीच बोचकी पुन्हा सोडीत. १९५५ च्या सत्याग्रहानंतर हिंदुस्थान सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा हाही मार्ग तुटला आणि घाटाखालच्या आप्तांची खुशाली कळणे दुरापास्त झाले.

इतक्या थोड्या अंतरात रान तेच, पाऊस तोच, आणि पलीकडची कोंकणीही कानाला परकी नसे. पालटे ते एवढेच, की त्या हद्दीत शिरल्यावर आपली ओळख देणारा कोणी पाटील-कुलकर्णी चावडीवर नसे, फिर्याद लिहून घेणाऱ्या कारकुनाची भाषा आपल्याला उमगत नसे, आणि आपण दोन दिवस दिसलो नाही तर ‘हा गेला कोठे’ असे विचारणारे घर तेथे नसे. माझ्या मते परमुलखात जिवाला असलेल्या धोक्याचा बराचसा उगम या शेवटच्या गोष्टीत आहे. जो नाहीसा झाला तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही, त्याच्यावर हात टाकण्याचे धाडस दुर्जनाला सहज होते.

आज खानापूर तालुक्यातील आणि बेळगाव-निपाणीकडची तरुण मंडळी दुबई, मस्कत, कुवेत येथे नोकरीला जातात, कोणी शिक्षणासाठी इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला जातात, आणि निघण्यापूर्वी त्यांना घरातून जो उपदेश होतो तो बहुधा ‘रात्री बाहेर पडू नको, गळ्यात चेन घालू नको’ एवढ्यावर संपतो. हा उपदेश चुकीचा नाही, पण तो भीतीचे तोंड भलतीकडे वळवितो. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ४,५८,००० माणसे हेतुपुरस्सर मारली गेली. दर लाख वस्तीमागे हे प्रमाण ५.८ पडते, परंतु ही सरासरी फसवी आहे, कारण उत्तर व दक्षिण अमेरिका मिळून ते १५ आहे, तर आशियात २.३ आणि युरोपात २.२. मेलेल्यांत पाचांपैकी चार पुरुष होते. स्त्रियांची गोष्ट निराळी आणि अधिक विषण्ण करणारी आहे: जितक्या स्त्रिया मारल्या गेल्या त्यांतील ५६ टक्के पतीच्या, साथीदाराच्या किंवा घरच्याच माणसाच्या हातून गेल्या. अंधारातून झडप घालणारा अनोळखी हल्लेखोर जगात आहेच. परंतु ज्याच्या हाताला आपण आधीच विश्वासाने हात दिलेला असतो, अशा माणसाकडून होणारा घात त्याहून कमी नाही, आणि परमुलखातील एकाकी माणूस हात देण्यास अधिक उत्सुक असतो.

ही गोष्ट आपल्या देशातील वाटसरूंना दोनशे वर्षांपूर्वी फार महाग पडून कळली. ज्यांना उत्तरेकडे ठग आणि कर्नाटक-मद्रासेकडे फांसीगार म्हणत, त्यांच्या टोळ्यांचा व्यवहार दरोडेखोराच्या अगदी उलट होता. दरोडेखोर मशाली पेटवून, आरोळ्या ठोकीत येई. फांसीगार मात्र नेटका पोशाख करून, मृदू भाषेत, धर्मशाळेच्या ओट्यावर शेजारी येऊन बसे. टोळीत केवळ गोड बोलून वाटसरू जमविणारा एक इसम असे, त्याला त्यांच्या सांकेतिक बोलीत ‘सोठा’ म्हणत. तो आधी पाहुण्याचे गाव विचारी, मग त्याच गावाकडे आपणही निघालो आहोत असे सांगे, मग वाट किती बिकट आहे आणि लुटारू किती माजले आहेत याचे साग्रसंगीत वर्णन करी, आणि अखेर आग्रहाने म्हणे, की एकट्यादुकट्याने न जाता आपण सारे मिळूनच जाऊ. अशी चार-पाच दिवसांची वाटचाल एकत्र झाली, भाकरी एका चुलीवर भाजली, की आधीच हेरून ठेवलेल्या निर्जन जागी तंबाखू मागण्यासारख्या एखाद्या साध्या वाक्याचा इशारा होई आणि मागून रुमाल गळ्याभोवती पडे. सुरक्षिततेचे आमिष दाखवून माणूस मारण्याची ही कला होती.

त्यांचे विशेष सावज म्हणजे रजेवर घरी निघालेले कंपनी सरकारचे शिपाई. त्यांच्या कमरेला साठविलेला पगार असे हे एक कारण. पण याहून मार्मिक कारण असे, की पलटणीत वाटे शिपाई घरी रमला, आणि घरी वाटे त्याला रजाच मिळाली नाही. दोन्हीकडे वाट पाहणारी माणसे असूनही दोहोंमध्ये पत्रव्यवहाराचा धागा नव्हता, आणि त्या फटीत कित्येक जीव गडप झाले. १८१० साली मेजर जनरल सेंट लेजर याने शिपायांसाठी एक ताकीद जारी केली, ती आजही कोणत्याही वकिलातीच्या सूचनापत्रात शोभून दिसेल: वाटेत सलगी करणाऱ्या अनोळखी सोबत्यांपासून दूर राहावे, दिवस उजाडण्यापूर्वी मार्गस्थ होऊ नये, आणि रोकड अंगावर न बाळगता सरकारी खजिन्यावरची हुंडी घ्यावी. पुढे १८३५ मध्ये स्लीमन या अंमलदाराकडे ठगांच्या बंदोबस्ताचे स्वतंत्र खाते आले, १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला, आणि माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर शेकडो लोकांना शिक्षा झाल्या. या जबान्यांत अतिशयोक्ती किती आणि आपल्या राज्याची थोरवी दाखविण्याचा इंग्रजी उत्साह किती, याचा वाद इतिहासकारांत चालू आहे आणि तो रास्तच आहे. परंतु सेंट लेजरची ताकीद त्या उत्साहाच्या पंचवीस वर्षे आधीची, आपले शिपाई का परतत नाहीत या चिंतेतून निघालेली आहे, म्हणून मला तिचे मोल अधिक वाटते.

त्याआधी आपल्याकडे वाटेची सुरक्षितता कशी राखीत हेही पाहण्यासारखे आहे. पेशवाईत व्यापारी माल किंवा प्रतिष्ठित माणूस मुलखातून जायचा झाला तर दस्तक घेऊन निघे, आणि धोक्याच्या पट्ट्यात बदरका, म्हणजे हत्यारबंद पहाऱ्याची सोबत, घेण्याचा रिवाज होता. शस्त्रांइतकेच या व्यवस्थेचे बळ जबाबदारीत होते. वाटसरू अमक्या हद्दीत शिरला आणि तमक्या हद्दीत उतरला याची कोणाकडे तरी दखल राही, आणि मध्येच तो नाहीसा झाला तर कोणाला जाब विचारायचा हे ठरलेले असे. आजचा पासपोर्ट म्हणजे त्या दस्तकाचाच वंशज. बदरका मात्र लोपला, आणि त्याची जागा आता ज्याची त्याला भरून काढावी लागते.

ती नीट भरली गेली नाही, की ‘सोठा’ पुन्हा उगवतो. गेल्या काही वर्षांत संगणकाच्या नोकरीचे, भरगच्च पगाराचे आणि फुकट विमानतिकिटाचे आमिष दाखवून आपल्या देशातील सुशिक्षित तरुणांना बँकॉकला नेण्यात आले, तेथून मोटारीने सरहद्दीवरच्या माए सोत गावी आणि तेथून मोएई नदीपार म्यानमारातील म्यावाडीच्या कुंपणबंद वसाहतींत ढकलण्यात आले. तेथे पासपोर्ट काढून घेऊन, मारहाणीच्या आणि विजेच्या धक्क्यांच्या धाकाखाली, जगभरच्या लोकांना फोनवरून व इंटरनेटवरून फसविण्याचे काम त्यांच्याकडून करवून घेतले गेले. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत अशा ५४९ भारतीयांना माए सोतहून परत आणले. या मंडळींना कोणी रस्त्यात अडवून पळविले नव्हते. बहुतेकांना ओळखीच्या कोणाच्या तरी ओळखीने पाठविले होते, आणि दलालाने विमानतळापासून पुढे ‘आमचा माणूस घ्यायला येईल’ असे आश्वासन दिले होते. त्या आश्वासनानेच घरची माणसे निर्धास्त झाली.

यावर उपाय रुक्ष आहे आणि म्हणूनच लोक तो टाळतात. परदेशी नोकरीस माणसे पाठविणाऱ्या दलालाला १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी नोंदणी लागते, आणि ती आहे की नाही हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. उमेदवाराकडून दलालाने ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर यापेक्षा अधिक घ्यावयाचे नाहीत, हेही ठरलेले आहे. तेव्हा कोणी दोन-तीन लाख मागत असेल तर तो कायद्याबाहेरचा आहे हे तेथेच समजावे. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांसह १८ देशांत नोकरीस जाण्यासाठी सरकारची वेगळी मंजुरी लागते आणि तिच्याबरोबर दहा लाखांचा अपघाती मृत्यूचा विमा येतो, ज्याचा हप्ता दोन वर्षांस २७५ आणि तीन वर्षांस ३७५ रुपये, म्हणजे दोन माणसांच्या साध्या जेवणाइतका आहे. ही मंजुरी चुकवून ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर पालटून देतो’ असे जो सुचवितो, तो उमेदवाराला सरकारच्या दप्तरातून मुद्दाम गहाळ करीत असतो. वर सांगितलेल्या फटीत तो त्याला उभा करतो.

सोबतीच्या विश्वासाचे दुसरे जुने हत्यार म्हणजे धोतरा. फास न टाकता धोतऱ्याचे बी अन्नात मिसळून वाटसरूला बेशुद्ध करून लुटणाऱ्यांची निराळी जात होती, आणि रेल्वेच्या काळात त्याच युक्तीने चहा-बिस्किटांचे रूप घेतले. अनोळखी उतारूकडून खाण्याचे पदार्थ घेऊ नका ही सूचना स्थानकांवर ऐकून ऐकून आमचे कान बधिर झाले आहेत. पण ती सूचना आमच्या आगगाडीपुरती नाही. धोतऱ्यात जे स्कोपोलामिन नावाचे द्रव्य असते, तेच दक्षिण अमेरिकेतील कोलंबियात पेयातून देऊन माणसाची शुद्ध आणि प्रतिकारशक्ती दोन्ही हरण करतात. २०२३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात त्या देशातील मेडेयीन शहरी आठ अमेरिकनांचे संशयास्पद मृत्यू झाले, आणि त्यांतील कित्येकांत मोबाइलवरील ओळखी जुळविणाऱ्या ॲपमधून झालेली भेट व गुंगीचे औषध यांचा संबंध असावा असे सांगून अमेरिकेच्या तेथील वकिलातीने आपल्या नागरिकांना सावध केले. अशी भेट घ्यायचीच झाली तर ती चारचौघांच्या जागी घ्यावी, आपला पेला सोडून उठू नये, आणि कोणाला भेटतो आहोत हे आपल्या एका माणसाला सांगून जावे. हे सांगताना मला ओशाळे वाटत नाही. आमच्या आज्यांनीही जत्रेला निघालेल्या पोरांना हेच सांगितले असते.

आता अनोळखी हल्लेखोराकडे वळू. पुण्याचा एक विद्यार्थी लँकेस्टर विद्यापीठात शिकत असताना, २६ डिसेंबर २०११ च्या उत्तररात्री, नाताळनंतरच्या स्वस्त विक्रीच्या रांगेत लवकर उभे राहावे म्हणून आठ मित्रांसह मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड भागातून चालला होता. समोरून आलेल्या तरुणाने वेळ विचारली आणि लागलीच त्याच्या डोक्यात गोळी घातली. ना ओळख, ना वैर, ना लूट. जुलै २०१२ मध्ये मारेकऱ्याला किमान तीस वर्षे भोगावयाची जन्मठेप झाली. या तरुणाची काही चूक झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो एकटा नव्हता, नशेत नव्हता, मौल्यवान वस्तू मिरवीत नव्हता. कोणत्याही उपदेशाने टळला नसता असा मृत्यू जगात असतो हे मान्य करूनच या विषयावर लिहावे, नाहीतर लेखक मेलेल्याला दोषी ठरवून बसतो. परंतु या घटनेतील एक गोष्ट टळण्याजोगी होती: त्याच्या आईवडिलांना पुण्यात ही वार्ता पोलिसांकडून किंवा वकिलातीकडून न कळता प्रथम फेसबुकवरून कळली.

मेलबर्नमध्ये २००९ साली भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ल्यांची मालिका झाली, तेव्हा सहप्रवाशांसमोर आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका आणि महागड्या वस्तू दाखवू नका असा सल्ला तेथील पोलिसांकडून आला आणि विद्यार्थी खवळले. त्यांचा संताप योग्य होता, कारण बळी पडणाऱ्याने आपली भाषा लपवावी ही अपेक्षा अपमानकारक आहे. तरीही त्या हल्ल्यांत काही गोष्टी वारंवार आढळत होत्या त्या डोळ्यांआड करता येत नाहीत: भाडे वाचविण्यासाठी दूरच्या उपनगरात घेतलेली खोली, मध्यरात्री संपणारी दुकानातील किंवा टॅक्सीवरील पाळी, आणि शेवटच्या गाडीनंतर ओसाड पडलेले स्थानक. परदेशी खोली शोधताना भाडे विचारतात, अंतर विचारतात. रात्री अकराला त्या स्थानकापासून खोलीपर्यंत कोण चालत जाते, हे तेथे राहणाऱ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला विचारीत नाहीत. थोडे अधिक भाडे भरून उजेडाचा रस्ता मिळत असेल तर तो सौदा महाग नाही.

आणि सुरी दाखवून कोणी पैसे मागितले तर? येथे मी विष्णुभट गोडसे वरसईकरांचे स्मरण करीन. कर्ज फेडण्यापुरते द्रव्य मिळवावे म्हणून कोकणातल्या वरसईहून १८५७ साली काकांसह उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक बंडाच्या आगीत सापडला, झाशी पडली तेव्हा झाशीतच होता, आणि मिळविलेली दक्षिणा लुटीत गमावून गंगेची कावड तेवढी घेऊन घरी परतला. पुढे पंचवीसेक वर्षांनी त्याने लिहिलेला वृत्तांत चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये छापला. लुटारूसमोर शौर्य गाजविण्याची हौस या मनुष्याला नव्हती, म्हणून तो जगला आणि एका युगाची साक्ष मागे ठेवू शकला. पाकीट मागणाऱ्याला पाकीट द्यावे, घड्याळ मागणाऱ्याला घड्याळ द्यावे, त्याच्या डोळ्यांत टक लावून पाहू नये, खिशात हात घालण्यापूर्वी ‘पाकीट काढतो’ असे सांगावे. कारण घाबरलेल्या चोराला आपला हात शस्त्राकडे चालला आहे असे वाटले तर तोच आधी वार करतो. जुने लोक थोडी नाणी कनवटीला आणि मुख्य ऐवज अन्यत्र ठेवीत. त्याच न्यायाने देऊन टाकण्याजोगे एक पाकीट वरच्या खिशात असावे. मात्र मोटारीत बसून दुसऱ्या जागी चल असे कोणी फर्मावले तर हा नियम उलटतो: तेथे ओरडावे, पळावे, लोक जमवावे, कारण निर्जन जागी नेण्याचा हेतू पैशापुरता क्वचितच असतो.

पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक पाठ असावा, तो देशागणिक वेगळा आहे: इंग्लंडात व दुबईत ९९९, मस्कतेस ९९९९, युरोपात बहुतेक सर्वत्र ११२, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात तीन शून्ये. भांडणात आपणच अटकेत सापडलो, आणि परदेशी पोलीस बहुधा दोन्ही बाजूंना आत घेतात, तर आपल्या वकिलातीस कळवा असे सांगण्याचा अधिकार १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिला आहे; तो मागावा लागतो, आपोआप मिळेलच असे नाही. मालकाने पासपोर्ट स्वतःजवळ ठेवणे बहुतेक आखाती देशांत बेकायदा आहे, तरी सर्रास चालते. म्हणून त्याची नक्कल आपल्याजवळ आणि दुसरी घरी असावी.

घरच्यांचे काम याहून थोडे अधिक आहे, आणि ते मुलगा विमानात बसण्यापूर्वी करावयाचे असते. पासपोर्टची आणि व्हिसाची नक्कल, नोकरीचा करार, मालकाचे नाव व पत्ता, खोलीतील एका सोबत्याचा दूरध्वनी, आणि त्या देशातील भारतीय वकिलातीचा क्रमांक हे सारे एका कागदावर घरात असावे. आठवड्याचा एक ठराविक वार बोलण्याचा ठरवावा, आणि तो वार चुकला तर दुसऱ्या दिवशी सोबत्याला, तिसऱ्या दिवशी वकिलातीला विचारणा करावी, ‘कामात असेल’ म्हणून पंधरवडा घालवू नये. परराष्ट्र खात्याने २०१५ साली ‘मदद’ नावाची तक्रारव्यवस्था सुरू केली आहे, तीत घरबसल्या अर्ज करता येतो. २००९ पासून वकिलातींजवळ भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. संकटात सापडलेल्या निर्धन भारतीयाला तात्पुरता आसरा, कायद्याची मदत, परतीचे तिकीट, आणि दुर्दैवाने वेळ आलीच तर पार्थिव घरी आणण्याचा खर्च त्यातून देता येतो. या साऱ्यांना पहिल्या ओळीत पासपोर्टचा क्रमांक लागतो, आणि पुष्कळ घरांत तो कोणालाच ठाऊक नसतो. मूळ पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत, नक्कल मुलाच्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल बंद.